पैसा कोणाचा? ‘जेन एअर’ आणि ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ यांच्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै

लघुप्रबंधाचा विषय आज नक्की झाला. शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’ (१८४७) आणि चार्ल्स डिकन्स यांची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) या दोन्ही कादंबऱ्या एका पोरक्या मुलाच्या वाढीची गोष्ट सांगतात. दोन्हींत मोठे झालेले ते मूलच मागे वळून निवेदन करते आणि दोन्हींच्या मुळाशी लेखकाच्या बालपणातील एक खरी जखम आहे. शार्लट यांच्या मारिया आणि एलिझाबेथ या थोरल्या बहिणी कोवन ब्रिजच्या शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि १८२५ मध्ये वारल्या. डिकन्स बारा वर्षांचे असताना, १८२४ मध्ये, त्यांचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि मुलाला बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लावण्यात आले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मात्र माझा पहिला आराखडा परत केला. अनाथपण, शिक्षण, वर्गभेद, प्रेम अशी विषयसूत्रांची चार प्रकरणे मी योजली होती. त्यांचे म्हणणे असे पडले की या चार खणांत पात्रे वाटून ठेवली की तुलना संपते आणि यादी उरते. त्यापेक्षा दोन्ही कादंबऱ्यांतून सलग जाणारा एकच धागा धरावा. कोणता धागा, हे त्यांनी सांगितले नाही.

रात्री ‘जेन एअर’चे पहिले प्रकरण पुन्हा वाचले. पडद्याआड बसून पक्ष्यांचे पुस्तक चाळणाऱ्या दहा वर्षांच्या जेनला जॉन रीड बाहेर ओढतो. ते पुस्तक तिच्यावर भिरकावण्यापूर्वी तो तिला काय ऐकवतो, तर ती आश्रित आहे, तिच्या बापाने तिच्यासाठी पैसा ठेवलेला नाही, आणि खरे तर तिने या घरात राहण्याऐवजी भीक मागावी. कादंबरीतील पहिलीच मारहाण अशी हिशेबाच्या भाषेत सुरू होते. धागा हाच धरायचा ठरवला: वाढणारे मूल कोणाच्या पैशावर वाढते, आणि ते त्याला कधी कळते.

११ जुलै

दोन्ही कादंबऱ्यांतील पैशाचा प्रत्येक उल्लेख टिपणारी वही सुरू केली. डाव्या पानावर जेन, उजव्या पानावर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा नायक पिप. एका पौंडात वीस शिलिंग, एका शिलिंगात बारा पेन्स आणि गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, हे कोष्टक पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

आकडे शेजारी मांडल्यावर जे दिसते ते नुसत्या वाचनात जाणवले नव्हते. लोवुडच्या शाळेत शिक्षिका म्हणून जेनला वर्षाला १५ पौंड मिळतात आणि थॉर्नफील्डच्या वाड्यात गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका, म्हणून ३०. पिप लोहाराकडे उमेदवार म्हणून बांधला जातो तेव्हा गावातील श्रीमंत, एकांतात राहणारी मिस हॅविशॅम २५ गिनी देते, म्हणजे २६ पौंड ५ शिलिंग; जेनच्या वर्षभराच्या कमाईच्या जवळ जाणारी ही रक्कम एका पिशवीतून एका सकाळी हातात पडते. एकविसाव्या वाढदिवशी पिपला ५०० पौंडांची नोट मिळते आणि पुढे दरसाल तेवढेच मिळणार असे सांगितले जाते. हे जेनच्या पगाराच्या सोळापटींहून अधिक आहे, आणि त्याबदली त्याने काहीही करायचे नाही. उलट बाजूने पाहिले तर जेनला शेवटी वारशाने मिळणारे २०,००० पौंड म्हणजे पिपचा चाळीस वर्षांचा भत्ता.

दोन्ही कथांचा काळ तंतोतंत एक नाही, त्यामुळे या तुलनेवर फार भार टाकता येणार नाही. क्रमाचा फरक मात्र काळावर अवलंबून नाही. पिपला पैसा आधी मिळतो आणि श्रम शेवटी करावे लागतात. जेन आधी श्रम करते आणि पैसा शेवटी येतो.

१९ जुलै

बालपणाच्या प्रकरणाचे टिपण. दोन्ही मुलांना वाढवणाऱ्या बाईला आपण उपकार करीत आहोत याचा विसर क्षणभरही पडत नाही. पिपची बहीण, मिसेस जो, त्याला आपण ‘स्वतःच्या हाताने वाढवले’ असे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते आणि तो हात पिपला चांगलाच परिचयाचा आहे. जेनची मामी मिसेस रीड हात क्वचितच उचलते, पण नवऱ्याने मरताना घेतलेल्या वचनापायी हे मूल आपल्या गळ्यात पडले आहे हे ती जेनला विसरू देत नाही. मिंधेपण दोघांनाही लहानपणीच कळते. फरक एवढाच की पिपच्या घरात त्या वाग्बाणांच्या मध्ये तिचा लोहार नवरा जो गार्जरी बसलेला आहे; तो बायकोची जीभ थांबवू शकत नाही पण पिपच्या ताटात गुपचूप रस्सा वाढत राहतो. गेट्सहेडला, रीडांच्या घरी, असा कोणी जो गार्जरी नाही. बेसी प्रेमळ आहे, गाणी म्हणते, गोष्टी सांगते. पण ती पगारी मोलकरीण आहे आणि तिच्या प्रेमाला मालकिणीच्या मर्जीची वेस आहे.

या दोन बायकांचे शेवट शेजारी ठेवावेत असे मॅडमनी सुचवले आणि ते फारच फलदायी ठरले. दोघीही अखेरीस अंथरुणाला खिळतात. डोक्यावर झालेल्या हल्ल्याने वाचा गेलेली मिसेस जो मरताना जोचे नाव घेते, क्षमा मागते आणि पिपचे नाव घेते; तीन शब्दांत हिशेब मिटतो. मिसेस रीडजवळ जेन स्वतः क्षमा घेऊन जाते आणि तरीही ती बाई तोंड फिरवते. तिच्याजवळ तीन वर्षांपूर्वीचे एक पत्र दडवलेले आहे. मदेइरात राहणाऱ्या जॉन एअर या काकांना जेनला दत्तक घ्यायचे होते आणि मिसेस रीडने त्यांना कळवले होते की जेन लोवुडला तापाच्या साथीत मेली. आश्रिताला कोणी दुसरा दाता मिळू नये, ही एवढी एक इच्छा तिने मृत्युशय्येपर्यंत सांभाळली आहे. माझ्या मते संपूर्ण कादंबरीत याहून थंड डोक्याचे क्रौर्य नाही. लोवुडचा कारभार पाहणाऱ्या ब्रॉकलहर्स्टचे करपलेले सांजे आणि कापून टाकलेले केस त्यापुढे ढोंगी माणसाचा बाष्कळपणा वाटतात.

जेनबद्दल एक अवघड गोष्टही टिपून ठेवली पाहिजे. औषधे देणारे मि. लॉइड तिला विचारतात की गरीब नातेवाईक असले तर तिकडे जाशील का, तेव्हा ती नको म्हणते. गरिबी म्हणजे फाटके कपडे, असंस्कृत वागणे आणि हलके व्यसन, एवढेच तिला ठाऊक आहे. पिपला पुढे आपल्या घराची, लोहाराच्या भट्टीची जी लाज वाटते, तिचे बीज जेनमध्येही आहे. आपण पिपला त्याबद्दल दोष देतो आणि जेनला देत नाही, कारण ब्राँटे तिला जो गार्जरीच्या घरात ठेवतच नाहीत.

२७ जुलै

थॉर्नफील्डचा भाग. आजपर्यंतच्या कामातील सर्वांत समाधानाचा दिवस.

मामी आजारी असल्याचे कळून जेन गेट्सहेडला निघते तेव्हा तिच्या जवळ फक्त पाच शिलिंग आहेत. थॉर्नफील्डचा मालक रॉचेस्टर ५० पौंडांची नोट पुढे करतो. तिचे त्याच्याकडे येणे फक्त १५ आहे, म्हणून ती सुटे नाहीत असे सांगून नोट नाकारते. मग तो १० देतो आणि ती शांतपणे म्हणते की आता तुमच्याकडे माझे पाच राहिले. तो स्वतःला तिचे चाळीस पौंड सांभाळणारा पेढीवाला म्हणवून घेतो. परत येण्याची हमी म्हणून त्याला ते पैसे आपल्याकडे ठेवायचे आहेत. हा प्रसंग प्रेमाच्या थट्टेचा म्हणून वाचला जातो आणि तो तसा आहेही. पण जेनचे सगळे चरित्र त्या एका ‘पाच राहिले’मध्ये आहे. हक्काचे सोडायचे नाही आणि हक्काबाहेरचे घ्यायचे नाही.

लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला रेशमी कापडाच्या दुकानात नेतो. तो जितके विकत घेतो तितकी तिला आपल्या मानखंडनेची जाणीव टोचू लागते. त्याच्या आश्रयाला असलेल्या अडेलला शिकवून मिळणाऱ्या ३० पौंडांतच आपले कपडे करीन, असे ती त्याला बजावते. आणि तेथेच तिला मदेइराच्या काकांची आठवण होते. आपल्याजवळ स्वतःचे थोडे जरी काही असते, तर या माणसाकडून एवढे घेणे सोसता आले असते असे वाटून ती काकांना पत्र लिहिते की मी जिवंत आहे आणि माझे लग्न ठरले आहे.

पुढचे सर्व या पत्राने घडते. पत्र पोहोचते तेव्हा जमेकाकडे परतणारा रिचर्ड मेसन मदेइरात काकांजवळ मुक्कामाला असतो. काका त्याला सहज ती बातमी सांगतात. रॉचेस्टर ज्याच्या बहिणीचा नवरा आहे तोच हा माणूस. तो तातडीने इंग्लंडला येतो आणि वकील ब्रिग्जबरोबर चर्चमध्ये उभा राहून लग्न थांबवतो. म्हणजे एका विवाहित माणसाशी होणाऱ्या फसव्या लग्नातून जेनला वाचवते ती कोणतीही दैवी हाक नव्हे. कपड्यांच्या दुकानात आलेला मिंधेपणाचा वीट आणि त्यातून लिहिलेले एक पत्र तिला वाचवते. चंद्र, वीज, दुभंगलेले चेस्टनटचे झाड, भिंतीपलीकडचे हसू या सगळ्यांच्या गजबजाटात हे व्यवहारी कारण झाकले जाते. माझ्या आधीच्या वाचनांत ते नेहमी योगायोगाच्या खाती पडत असे.

घर सोडताना तिच्या थैलीत २० शिलिंग आहेत. रॉचेस्टरने बळेच गळ्यात घातलेला मोत्यांचा हार ती ठेवून जाते, कारण तो तिचा नाही. गाडीवानाला हवे असतात ३० शिलिंग. तो २० मध्ये तयार होतो आणि तेवढ्या पैशांत जेथवर नेता येईल तेथे, व्हिटक्रॉसच्या माळावर, उतरवतो. पुढे ती पावासाठी आपला रुमाल आणि हातमोजे देऊ करते आणि डुकरापुढे टाकायची गारठलेली लापशी मागून खाते. जॉन रीडने पहिल्या प्रकरणात तिला भीक मागायला सांगितले होते. ब्राँटे यांनी ते अक्षरशः घडवून आणले आहे आणि त्यात जेनचे काहीही कमी होत नाही, हे दाखवले आहे.

३ ऑगस्ट

शिक्षणाविषयीचे टिपण थोडक्यात आटोपले. लोवुड ही धर्मादाय शाळा आहे हे जेनला तेथील मैत्रीण हेलन बर्न्सकडून कळते: प्रत्येक मुलीमागे १५ पौंड भरावे लागतात, तेवढ्यात भागत नाही म्हणून उरलेले वर्गणीतून येतात. हेलनविषयी तिच्या सोसण्याच्या तत्त्वज्ञानाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ती येथे जेनला जमाखर्च समजावून सांगणारी पहिली व्यक्ती म्हणून हवी आहे. पिपला शिकवणारी गावातली बिडीही अशीच. जे थोडे तिला स्वतःला येते ते ती सारे त्याला देते, त्याबदली काही मागत नाही, आणि पिप हे शिक्षण कधी खर्चाच्या बाजूला मांडत नाही, कारण ते फुकट मिळालेले आहे.

१० ऑगस्ट

लंडनमधील पिप. त्याच्या उधळपट्टीचे वर्णन डिकन्स ज्या मिस्कीलपणाने करतात त्याला तोड नाही. पिपचा मित्र हर्बर्ट आणि पिप बिलांची चळत, भरपूर शाई आणि चांगला कागद घेऊन बसतात आणि मथळा लिहून कर्जांची मांडणी करतात, जणू नीटनेटके लिहिले म्हणजे ती फिटली. हर्बर्टचे देणे १६४ पौंड ४ शिलिंग २ पेन्स निघाले तर पिप सांगतो, थोडी जागा सोडून २०० धर; स्वतःचे त्याच्या चौपट असेल तर ७०० धरतो. मग सोडलेल्या त्या जागेपर्यंत दोघे बिनघोर नवे कर्ज काढतात. जेनच्या वहीत असे एकही पान नाही.

तरीही पिपच्या हातून याच काळात एक चांगली गोष्ट घडते आणि ती पैशाचीच आहे. वकिलाचा कारकून वेमिक याच्या मदतीने तो आपल्या ५०० पौंडांतून हर्बर्टसाठी क्लॅरिकर नावाच्या तरुण व्यापाऱ्याकडे भागीदारीची गुपचूप तजवीज करतो. हर्बर्टला देणारा कोण हे कळत नाही. येथे एक विचित्र आरसा तयार होतो. पिपला स्वतःचा दाता ठाऊक नाही आणि त्याच पैशातून तो दुसऱ्याचा अज्ञात दाता बनतो. वाचकाला नंतर कळते तसे मूळ पैसा एका हद्दपार कैद्याचा आहे. म्हणजे हर्बर्टचा सभ्य व्यवसायही त्याच पैशावर उभा राहतो. पुढे या कामाला कमी पडणारे ९०० पौंड पिप मिस हॅविशॅमकडून मागून घेतो आणि स्वतःसाठी काहीच मागत नाही.

१८ ऑगस्ट

एकोणचाळिसावे प्रकरण. कादंबरीची एकूण ५९ प्रकरणे आहेत आणि ती १९, २० व २० अशा तीन टप्प्यांत विभागलेली आहेत. दुसरा टप्पा येथे संपतो.

वादळी रात्री जिन्यावरून वर आलेला म्हातारा म्हणजे लहानपणी आपण खायला आणून दिलेला फरारी कैदी मॅग्विच आहे हे पिपला कळते, पण आपला दाता तोच हे अजून कळलेले नाही. लहानपणी एका अनोळखी माणसाने गावच्या दारूच्या गुत्त्यात पिपच्या हाती एक शिलिंग ठेवला होता आणि तो एक-एक पौंडाच्या दोन मळक्या नोटांत गुंडाळलेला निघाला होता. जो त्या परत करायला धावला, तर माणूस निघून गेलेला. बहिणीने त्या दिवाणखान्यातील शोभेच्या किटलीत वाळक्या गुलाबपाकळ्यांखाली ठेवून दिल्या. तो पैसा मॅग्विचने धाडला होता. आता सुखवस्तू पिप त्याला दोन कोऱ्या, स्वच्छ नोटा काढून देतो: घ्या, दुसऱ्या कोणा गरीब मुलाच्या कामी येतील. मॅग्विच त्या नोटा एकावर एक ठेवतो, लांबट घडी घालतो, पीळ देतो, दिव्यावर पेटवतो आणि राख ताटलीत टाकतो. मग विचारतो की तुमचे एवढे बरे कसे काय चालले आहे.

या कृतीवर मी आज बराच वेळ घालवला. पिप उसने फेडून मोकळा होऊ पाहतो आणि ज्याचे फेडायचे त्याच्याच पैशाने फेडतो. त्या कोऱ्या नोटाही मॅग्विचच्याच आहेत हे त्या खोलीत फक्त मॅग्विचला माहीत आहे. नोटा जाळण्याचे कारण कादंबरीकार सांगत नाहीत. मला त्यात राग दिसत नाही. हे खाते असे बंद होणार नाही, एवढेच तो सांगतो.

पिपला त्यानंतर किळस येते. त्या किळसेचे स्वरूप प्रबंधात नीट मांडायला हवे, कारण ती पैशाच्या उगमाबद्दल आहे. मिस हॅविशॅमचा पैसा त्याला कधी घाण वाटला नाही, आणि तो तर दारू गाळण्याच्या भट्टीतून आलेला. हर्बर्टने त्याला लंडनमध्ये पहिल्याच जेवणात समजावले होते की पाव भाजून सभ्य राहता येत नाही, पण बिअर गाळून हवे तेवढे सभ्य राहता येते. मॅग्विचने न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून, उघड्यावर राबून जे मिळवले ते त्या मानाने कितीतरी स्वच्छ आहे. तरीही पिप अंग चोरतो. कारण पैसा देणारा आता समोर बसून, चाकूने खात, कौतुकाने त्याच्याकडे पाहतो आहे. ‘मी सभ्य गृहस्थ नसेन, पण एका सभ्य गृहस्थाचा मालक आहे,’ अशा अर्थाचे मॅग्विच बोलतो तेव्हा पिपला पहिल्यांदा कळते की दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा माणूस त्या ओंजळीकडे पाहण्याचे टाळू शकत नाही.

२६ ऑगस्ट

मागच्या नोंदीनंतर एक प्रश्न सुटेना. जेनचा दाता कधी समोर येऊन बसतो का? काका जॉन एअर कादंबरीत एकदाही दिसत नाहीत. ते पत्रांत जगतात आणि बातमीत मरतात. मदेइराच्या फुंशाल शहरातील मद्याचे व्यापारी, एवढीच त्यांची ओळख.

म्हणून सव्विसावे प्रकरण पुन्हा काळजीपूर्वक वाचले. लग्न मोडल्यानंतर ब्रिग्ज जेनला सांगतो की मेसन तिच्या काकांना ओळखतो, कारण मेसन घराण्याच्या पेढीचे फुंशालमधील व्यवहार जॉन एअर काही वर्षांपासून पाहत आहेत. वाक्य एकच आहे आणि गोंधळात ते कानांवरून निसटते. पुढच्याच प्रकरणात रॉचेस्टर सांगतो की थोरले मेसन वेस्ट इंडीजमधील मळेवाले आणि व्यापारी होते आणि त्यांची मुलगी, म्हणजे रॉचेस्टरची कोंडून ठेवलेली पहिली बायको बर्था, हिच्याबरोबर ३०,००० पौंड येणार होते. ही दोन वाक्ये जोडली की असे दिसते: बर्थाचा हुंडा ज्या व्यापारातून आला त्याच व्यापाराच्या एका टोकाला जेनचे काका बसलेले होते. वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर कोणाचे श्रम होते हे वेगळे सांगायला नको. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ चा, म्हणजे पुस्तक प्रसिद्ध होण्याच्या केवळ चौदा वर्षे आधीचा. काकांच्या संपत्तीचा किती भाग मेसनांशी संबंधित होता हे कादंबरीतून काढता येत नाही आणि मी ते काढायच्या भरीला पडणार नाही. संबंध होता, एवढे मात्र तिनेच सांगितले आहे.

पाच पौंडांची बाकी लक्षात ठेवणारी, मोत्यांचा हार मागे ठेवणारी जेन २०,००० पौंड कोठून आले हे विचारत नाही. वारशाची बातमी आल्यावर ती गंभीर होते, एकुलता एक काका न भेटताच गेला याचे तिला वाईट वाटते. पण विचार तेथेच थांबतो. पिपसारख्या बेफिकीर मुलाला जो प्रश्न टाळता येत नाही, तो जेनसारख्या काटेकोर मुलीला पडतच नाही. मला वाटते तुलनेचा गाभा हाच आहे.

मॅडमना दूरध्वनीवर हे सांगितले. त्या म्हणाल्या, “अगं, बर्थाच्या बाजूने हे वाचन झालेलं आहे, ते आधी बघ आणि मग तुझं काय वेगळं आहे ते लिही.” ते खरेच आहे. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ च्या निबंधात बर्था आणि साम्राज्य यांचा संबंध मांडला. एडवर्ड सैद यांनी १९९३ मध्ये मॅग्विच आणि ऑस्ट्रेलिया यांच्याविषयी लिहिले. कादंबरीकारही तेथे पोहोचलेले आहेत. जीन ऱ्हिस यांनी १९६६ मध्ये बर्थाची गोष्ट तिच्या बाजूने लिहिली आणि पीटर केरी यांनी १९९७ मध्ये मॅग्विचवरून बेतलेल्या माणसाची. या दोन्ही पुनर्लेखनांत नायक-नायिका बाजूला सारून पैसा जेथून आला तेथील माणूस मध्यभागी आणला आहे, हे माझ्या दृष्टीने बोलके आहे. माझे काम त्यापुढे एवढेच की हा प्रश्न पात्रांच्या वाढीशी जोडायचा: दाता कोण हे विचारावे लागणे हा वाढीचा टप्पा मानला, तर पिप तो ओलांडतो आणि जेनपुढे तो येतच नाही.

४ सप्टेंबर

मिस हॅविशॅम आणि बर्था यांच्यावर वेगळे प्रकरण लिहावे का, याचा विचार केला. दोघी बंद घरात, दोघींचे लग्न हाच त्यांचा सर्वनाश, दोघींचा शेवट आगीशी बांधलेला. साम्य इतके उघड आहे की त्यावर कोणीही दहा पाने लिहील. पैशापुरता भाग तेवढा घेतला: दोघींकडेही पुरुष संपत्तीसाठी येतात, कॉम्पिसन फसवून पळतो आणि रॉचेस्टर लग्न करून कोंडतो. बाकी सोडून दिले.

१२ सप्टेंबर

देण्याविषयीचे प्रकरण लिहून झाले. येथे दोन्ही कादंबऱ्या पहिल्यांदा एकमेकींच्या जवळ येतात.

जेन वारसा मिळताच तो चौघांत वाटते. काकांनी डायना, मेरी आणि सेंट जॉन या आपल्या भाचरांना एकत्र मिळून ३० गिनी ठेवले होते, तेही सुतकाच्या अंगठ्या करण्यासाठी. त्यांच्या वडिलांशी झालेला जुना तंटा काका विसरले नव्हते. जेन प्रत्येकाला ५,००० पौंड द्यायचे ठरवते आणि सेंट जॉन समजावू लागतो तेव्हा हट्टाला पेटते. तिच्या लेखी हे औदार्य नाही, न्याय आहे. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा तिला नातेवाईक मिळाले आहेत आणि दाता-आश्रित हे नाते त्यांच्यात येऊ नये अशी काळजी ती घेते.

पिपच्या बाजूने हे काम जो करतो. मॅग्विच पकडला जातो, त्याची मालमत्ता सरकारजमा होते, पिप तापाने पडतो आणि १२३ पौंड १५ शिलिंग ६ पेन्सच्या देण्यासाठी त्याला अटक करायला माणसे येतात. जेनच्या चार वर्षांच्या पगाराहून मोठी अशी ही रक्कम एका लोहाराकडे कशी असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. जो लंडनला येऊन त्याची शुश्रूषा करतो आणि तो बरा होऊ लागताच एका पहाटे निघून जातो. मागे एक चिठ्ठी आणि कर्ज फेडल्याची पावती. पिप झोपेत असतानाच तो गेलेला असतो, म्हणजे आभार मानण्याचीही सोय ठेवत नाही. याच माणसाने काही वर्षांपूर्वी पिपला सोडण्याबद्दल वकील जॅगर्सने देऊ केलेली भरपाई जवळजवळ मुठी वळूनच नाकारली होती.

दोन देण्यांपैकी मला जोचे देणे अधिक मोठे वाटते, असे मी प्रकरणात स्पष्ट लिहिले आहे. जेन आपल्याला न मागता मिळालेल्यातून देते आणि तिच्यापाशी पुरेसे उरते. जो भट्टीवर मिळवलेल्यातून देतो. जेनची बाजू घेणारे परीक्षक भेटले तर या परिच्छेदावर प्रश्न येणार, हे गृहीत धरले आहे.

२० सप्टेंबर

शेवटांविषयी. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा मूळ शेवट डिकन्स यांनी एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या सल्ल्याने बदलला. मूळ शेवटात पिप आणि त्याला आवडणारी, मिस हॅविशॅमने वाढवलेली एस्टेला लंडनच्या रस्त्यावर क्षणभर भेटतात आणि दूर होतात. तो पुढे जॉन फोर्स्टर यांच्या चरित्रग्रंथातून वाचकांपर्यंत पोहोचला. या वादात शिरण्याचे मला कारण नाही, कारण दोन्ही शेवटांत पिप आपल्या कष्टाचे खातो.

कोठे खातो, हे मात्र पाहायला हवे. घरचे सामान विकून तो हर्बर्टकडे पूर्वेला जातो, क्लॅरिकरच्या कंपनीत कारकून होतो, कैरोच्या शाखेत राबतो, काटकसरीने राहून देणी फेडतो आणि बऱ्याच वर्षांनी भागीदार होतो. आमचा व्यवसाय मोठा नव्हता पण नाव चांगले होते, असे तो समाधानाने सांगतो. ‘जेन एअर’चा शेवटही पूर्वेलाच आहे. शेवटचे परिच्छेद जेन आणि रॉचेस्टरचे नाहीत. ते भारतात धर्मप्रसाराचे काम करता करता मरणपंथाला लागलेल्या सेंट जॉनचे आहेत. त्याने जेनला जर्मन सोडून हिंदुस्तानी शिकायला लावले होते आणि ती त्याच्याबरोबर बायको म्हणून इकडे येता येता थोडक्यात राहिली. ते शिकलेले हिंदुस्तानी तिने पुढे कधी वापरले असे दिसत नाही. भारतीय वाचकाला या शेवटाजवळ जे थबकल्यासारखे होते ते प्रबंधात एका परिच्छेदापुरते ठेवले आहे.

पिपच्या नोकरीकडे परत येते. सहाव्या प्रकरणाच्या मसुद्यावर मॅडमनी समासात विचारले आहे की क्लॅरिकरची कंपनी नेमका कशाचा व्यापार करीत होती. क्लॅरिकर हा व्यापारी किंवा जहाजांचा दलाल होता, यापलीकडे मजकुरात काही नाही. पण बाविसाव्या प्रकरणात हातात छदाम नसलेला हर्बर्ट आपली स्वप्ने सांगतो ती आज शोधून काढली: ईस्ट इंडीजशी रेशीम, शाली, मसाले, रंग, औषधी आणि मौल्यवान लाकूड यांचा व्यापार, सिलोनहून हस्तिदंत, आणि वेस्ट इंडीजशी साखर, तंबाखू आणि रम. ही शेवटची तीन नावे वाचताच वहीच्या डाव्या पानावरचे मेसन आठवले. मॅग्विचच्या पैशाचा उगम कळल्यावर हादरलेला पिप कैरोत अकरा वर्षे हिशेब लिहितो आणि त्या जहाजांतून काय जाते-येते याचा एका शब्दानेही उल्लेख करीत नाही. २६ ऑगस्टच्या नोंदीत मी पिप तो टप्पा ओलांडतो असे लिहिले आहे. प्रबंधात त्या विधानाला आता ‘मॅग्विचपुरता’ अशी मर्यादा घातली आहे आणि हर्बर्टची यादी सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला हलवली आहे.